चाकरमान्यांच्या वाटणीची गोळी

श्रावण म्हटलं की माणसांना काय काय आठवतं. पुण्याच्या माझ्या बहिणीला पत्री आठवते, हळदीच्या पानांतले पातोळे आठवतात, मंगळागौरीचे खेळ आठवतात, आणि हे सगळं ती मला फोनवर इतक्या ओढीनं सांगते, जणू मी कोकण सोडून कुठे वाळवंटात राहायला गेले आहे. मी हो हो करते. मला श्रावणात ब्लीचिंग पावडर आठवते. यात माझा काही दोष नाही. चिपळुणात दवाखाना चालवणाऱ्या बाईच्या नाकात दुसरं काय राहणार?

परवा तो वास पुन्हा आला. वाशिष्ठीनं यंदा फार ताणलं नाही. मळ्यांत शिरली, खालच्या वाडीत उंबऱ्यांपर्यंत आली, अंगणं धुतल्यासारखी केली आणि ओहोटीबरोबर मुकाट्यानं मागं गेली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी वाडीत एका म्हाताऱ्याची जखम बघायला गेले होते, तर आरोग्य खात्याची आमची आशाताई मनीषा बादलीत पावडर कालवून विहिरीच्या कठड्याशी उभी होती. निवळ तेवढी आत ओतायची, खालचा गाळ टाकून द्यायचा, हे काम ती स्वयंपाकातल्या सवयीनं करते. वारा माझ्याकडे होता. तो उग्र, नाक चुरचुरवणारा वास आला आणि मी आहे तिथंच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते पावडरीनं, असं मनीषाला सांगितलं. ते अर्धं खरं होतं.

मोठ्या पुराच्या वर्षी हाच वास आम्हाला गणपतीपर्यंत पुरला होता. त्या पुराचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना ते नको असतं, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी टीव्हीवर पोटभर पाहिलं. माझ्या दवाखान्याचं एवढंच सांगते. तो बाजारपेठेत, रस्त्याला लागून, आणि मी वरच्या मजल्यावर राहते. पाणी जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत येऊन थबकलं आणि मी वरच्या पायरीवर बसून माझाच दवाखाना पायाखाली बुडबुडताना ऐकला. पाणी उतरल्यावर खाली गेले तर तपासणीचं टेबल दारात आडवं अडकलेलं, औषधांचा फ्रीज तोंडावर पालथा, आणि रुग्णांच्या कागदांचा लगदा भिंतीवर थापलेला. माझा वजनकाटा पुढच्या मिठाईवाल्याच्या भट्टीत सापडला. त्याची कढई माझ्या खुर्चीवर बसली होती. आम्ही दोघांनी एकमेकांच्या वस्तू परत केल्या, आणि त्या दिवसांतलं पहिलं हसू आम्हाला तिथं फुटलं.

मग चिखल. पुराचं पाणी जातं, चिखल मुक्कामाला राहतो. आमचा चिखल नुसता मातीचा नव्हता. त्यात डिझेल होतं, भिजून आंबलेला तांदूळ होता, कांदे होते, कुणाच्या गोठ्यातलं मेलेलं वासरू होतं. फावड्यानं ओढावा तर परत सपाट होऊन जागेवर यायचा. कुठून कुठून पोरं मदतीला आली, भाषा कळत नसताना आमच्या घरांतला चिखल उपसून गेली. बाटलीबंद पाणी आलं, बिस्किटं आली, साड्या आल्या. बिस्किटं इतकी आली की वाडीतली गुरंही क्रीमची का साधी हे ओळखायला लागली.

बहिणीचा फोन आलाच. "आता पुरे झालं तुझं. वय बघ. दवाखाना गेला तो गेला, इकडे ये." ती प्रेमानंच म्हणत होती. मीही खरं सांगायचं तर बॅग काढली होती. माझ्या वयाच्या दोन डॉक्टरांनी पाट्या उतरवल्या, आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. तीस वर्षं जमवलेलं एका सकाळीत चिखल होतं तेव्हा माणसाच्या हातातलं बळ जातं, पुन्हा उभं करायचं म्हटलं की खांदे आधीच दुखायला लागतात.

पण खाली शटरसमोर माणसं उभी होती. कुणाच्या पायात पत्रा घुसलेला, कुणाचं बाळ जुलाबानं मलूल, आणि मुख्य म्हणजे माझे साखरेचे आणि रक्तदाबाचे सगळे जुने गडी. त्यांच्या गोळ्या वाहून गेल्या होत्या, कागद वाहून गेले होते, आणि गोळीचं नाव आयुष्यात कुणी पाठ केलं नव्हतं. "ती पिवळी हो, डाक्टरबाय." "माजी ती बारकी, मदी रेघ असलेली." मी जिन्याच्या पायरीवर उभी राहून अंदाज बांधत होते. गुडघाभर चिखलात रुग्ण तपासणं मला कुणी शिकवलेलं नव्हतं. बॅग वर उघडीच पडून राहिली आणि पुढे तिच्यात मांजर झोपायला लागलं.

जागा याकूबभाईनं दिली. हा कुवेतला बरीच वर्षं काढून आलेला गृहस्थ, आता हापूसचा व्यापार करतो. त्याची आंबे भरायची शेड गावाबाहेर चढावर आहे, तिथं पाणी पोचलं नव्हतं. तो स्वतः आला, चपला हातात घेऊन. "जागा नुसती पडलीय, डाक्टरबाय. आंब्याला अजून उशीर हाय. तवर तुमी चालवा." मी काही बोलायच्या आत त्यानं कामाची माणसं लावून शेड झाडूनही घेतली होती.

असा माझा दवाखाना आंब्याच्या शेडमध्ये सुरू झाला. पेट्या उलट्या घालून टेबल केलं, पेट्यांचीच बाकं केली. खाली पेंढा अंथरलेला. सलाईनच्या बाटल्या वाशाला टांगलेल्या. आंबे कधीच संपले होते, पण शेडमध्ये त्यांचा वास मुरून राहिला होता, आणि तापानं फणफणलेली माणसं आत आली की आधी एक मोठा श्वास घ्यायची. याकूबभाई रोज चक्कर टाकायचा आणि पेंढ्यावर ओळीनं निजलेल्या रुग्णांकडे बघून म्हणायचा, "आंब्याची अडी चांगली घातलीत. पिकली का न्हाय अजून?" म्हातारे हसायचे. पोट धरून हसण्याइतकी ताकद कुणात नव्हती, पण हसायचे.

मला मात्र त्या दिवसांत एका गोष्टीचं भय होतं, आणि ते मी हसण्याखाली दडवत होते. पुरानंतर आमच्याकडे एक ताप येतो. आम्ही लेप्टो म्हणतो, लोक उंदराचा ताप म्हणतात. उंदरांच्या मुतातून तो पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून माणसात शिरतो. सुरुवात अगदी साधी, अंग मोडून येतं, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. अंगावर काढला तर मूत्रपिंड धरतो, आणि मग धावाधाव करूनही माणूस हाती लागेलच असं नसतं. लावणीच्या दिवसांत आमच्या बायकांच्या पायांना भेगा आणि चिखल्या, दोन्ही असतातच. त्यावर पूर. मी रात्रंदिवस त्या पायांचा विचार करत होते.

यावर उपाय होता आणि तो साधा होता. आठवड्यातून एकदा एक डोस, पोटभर जेवून. सरकारी गोळ्या आल्या आणि मनीषानं घरोघर वाटायला घेतल्या. पण गोळ्यांचं खोकं आमच्याकडे पोचलं नेमकं श्रावणी सोमवारी. बायकांना उपास. ताई एवढी चिखल तुडवत आली तर तिचा शब्द कसा मोडायचा, म्हणून बऱ्याच जणींनी कोऱ्या चहाबरोबर गोळ्या घेतल्या आणि भडाभडा ओकल्या. वाडीत बोंब झाली की गोळी वाईट. मग आम्ही वार बदलून मंगळवार केला, तर त्या दिवशी नव्या लग्न झालेल्या पोरी मंगळागौरीत. शुक्रवारी जिवतीची पूजा. शेवटी मनीषानं कपाळावर हात मारून बुधवार धरला. "बुधवारी तरी देव तुमाला जेवू देतो ना?" असं ती प्रत्येक दारात विचारायची.

विहिरींचंही तेच. पावडर टाकली की पाण्याला वास येतो, आणि वाडीचं म्हणणं असं की वास येणारं पाणी देवाला कसं चालेल? मग बायका हळूच कळशी घेऊन पऱ्यावर जायच्या, डोंगरातून येणारं पाणी स्वच्छ म्हणून. त्या पऱ्याच्या वरच्या अंगाला काय काय कुजत पडलंय हे मी बघून आले होते. मी विहिरीच्या कठड्यावर बसून सगळ्यांसमोर ते पाणी प्यायले. चव भयंकर होती. तोंड वाकडं न करता तांब्या संपवणं हे माझ्या वैद्यकीय कारकिर्दीतलं अवघड काम होतं. त्यावर एक आजी म्हणाली, "बाय इंजेक्शनाच्या पान्याला सरावलेली हाय, तिला काय व्हतंय."

ही आजी सुनंदाची शेजारीण. आता सुनंदाबद्दल सांगते, कारण तो सगळा श्रावण माझ्यासाठी तिच्याभोवती फिरतो.

सुनंदा खालच्या वाडीत शेवटच्या घरात राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. थोडी भातशेती, दोन काजूची झाडं, एक फणस. तिला मी तू म्हणते, ती मला तुमी म्हणते. तिचा एकुलता मुलगा महेश माझ्या दवाखान्यात जन्मला, आणि कळा येत असताना मी तिला रागावले होते म्हणून ती अजून मला कधी कधी ऐकवते. महेश मुंबईला कुरियरच्या गोदामात आहे. बायको नाशिककडची. पोरं शाळेत. गणपतीला तो चार-पाच वर्षं आला नव्हता, एकदा रजा नाही, एकदा पोराची परीक्षा, एकदा सासरी काही. आमच्याकडे माणूस दिवाळीला आला नाही तर कुणी विचारत नाही, पण गणपतीला आला नाही तर त्याच्या आईला आरतीला उभं राहणं जड जातं. सुनंदा दरवर्षी म्हणायची, "येल औंदा." आणि दरवर्षी त्याच्यासाठी डबा भरून ठेवायची. फणसपोळी, आमसुलं, काजूगर, सोडे. पाणी घरात शिरलं तेव्हा तिनं कोंबड्यांच्या आधी तो डबा माळ्यावर चढवला होता. त्या नादात एक कोंबडी वाहून गेली. ते ती अभिमानानं सांगायची.

पुरानंतर तिची लावणी गाळाखाली गेली. उरलीसुरली रोपं काढून तिनं परत लावायला घेतली. अनवाणी, पोटरीपर्यंत चिखलात, दिवसभर वाकून. मी एकदा रस्त्यावरून ओरडले की गमबूट घाल. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बूट चिखलात ऱ्हातो आन् पाय वर येतो, डाक्टरबाय. तुमी लावून बगा." खरोखरच तसं होतं.

एका दुपारी ती शेडमध्ये आली. चालत आली, पण भिंत धरत. पेटीवर बसली आणि म्हणाली, "जरा कसर वाटते." हात लावला तर तव्यासारखं अंग. डोळे लाल. मी पोटरी नुसती दाबली आणि ती कळवळून ओरडली.

"लघवी कधी झाली?"

"सकाळी. जरा. काळपट चाय व्हते तशी."

"बुधवारची गोळी घेतेस ना?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. लाजली नाही, घाबरली नाही. मुलानं पाहुण्यांसमोर विचारावं आणि आईनं घरचं गुपित सांगावं तशा आवाजात म्हणाली, "ती ठेवलीय मी."

"ठेवलीस? कशाला?"

"महेश येल ना गनपतीला. थेट ह्या चिखलातनं चालत येल. आमचा जलम चिखलात गेला, आमाला काय व्हतंय. त्याला आता सवय ऱ्हायली नाय. मंग त्याला नको गोळी?"

पुष्कळ वर्षं मी माणसांना रागावत आले आहे. गोळी विसरणाऱ्यांना, अर्धा डोस टाकणाऱ्यांना, ताप अंगावर काढणाऱ्यांना. माझ्या आवाजाला लोक घाबरतात असं मनीषा म्हणते. त्या दुपारी मात्र मला रागावता आलं नाही. जी बाई काजूतला चांगला गर बाजूला काढते, नव्या चादरीची घडी मोडत नाही, फणसपोळीचा तुकडा स्वतःच्या तोंडात घालत नाही, तिच्या हातात आम्ही एक चांगली गोळी ठेवली होती आणि ती चांगली आहे म्हणून बजावलं होतं. तिनं तिचं काय करावं अशी आमची अपेक्षा होती?

मनीषा तिचे कपडे आणायला घरी गेली ती डबा उघडूनच आली. फणसपोळीच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्या बुधवारच्या गोळ्या नीट गुंडाळून. मग तिला शंका आली म्हणून ती शेजारच्या घरात गेली. तिथं देव्हाऱ्यात. त्याच्या पुढच्या घरात तांदळाच्या कणगीत. एका घरी तर सुनेनं ठेवलेल्या गोळ्या सासूला ठाऊक नव्हत्या आणि सासूनं ठेवलेल्या सुनेला. सगळ्या वाडीनं आपापल्या मुंबईकराच्या वाटणीच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या. मनीषा परत आली आणि पेंढ्यावर मटकन बसली. "आता काय करू, बाई? मी दारात उभी राहून घ्यायला लावल्या त्या खोट्या खोट्या. गालात धरून ठेवायच्या."

पण आधी सुनंदा. याकूबभाईच्या आंब्याच्या गाडीत पेंढा घातला, तिला निजवलं, सलाईनची बाटली मी हातात उंच धरली. गावच्या रुग्णालयाचा खालचा मजला अजून ओला होता. वरच्या मजल्यावर सगळं एकत्र चाललेलं, प्रसूती, सर्पदंश, ताप. तिथला तरुण डॉक्टर कितीतरी दिवस घरी गेला नसावा, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. त्यानं तिला बघितलं आणि इंग्रजीत हळूच काही न बोलता सरळ मराठीत म्हणाला, "किडनीवर गेलंय. आमची डायलिसिसची मशीन पाण्यात गेली. रत्नागिरीला न्यायला हवं, आत्ता." रुग्णवाहिका आली. चढताना सुनंदानं माझा हात धरला आणि विचारलं, "कोंबड्यांना कोन घालील?" मी म्हटलं मनीषा घालील. तेव्हा तिनं हात सोडला.

रुग्णवाहिका वळणावर दिसेनाशी झाली. मी महेशला फोन लावला. हा मुलगा माझ्या हातावर पहिल्यांदा रडला होता, त्यामुळे मी आडपडदा ठेवला नाही. आई वाचेल की नाही सांगता येत नाही, एवढंच सांगितलं. पलीकडे गोदामातला खडखडाट ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "निघतो." कारण काय, रजा आहे का, काही नाही. निघतो.

वाडीचं काय करायचं ते मात्र मला त्या फोननंतरच सुचलं. आमच्या प्रत्येक वाडीचं एक मंडळ मुंबईत असतं. वाडीतल्या देवळाला रंग कुठला द्यायचा इथपासून पायवाट कुठून काढायची इथपर्यंत सगळं मंडळ ठरवतं, आणि इथली माणसं ते मानतात. मी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. लालबागच्या खोलीत राहणारे निवृत्त फिटर, बोलायला तिखट. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या आयांना तुमी डाक्टर लोक काय समजावणार. ते आमच्यावर सोडा."

पुढच्याच बुधवारी वाडीत एकच गडबड. अध्यक्षांनी फर्मान काढलं होतं: ज्या घरची आई मुलाला फोनवर दिसेल अशी गोळी घेणार नाही, त्या घरी यंदा गणपतीला मुंबईचं कुणी येणार नाही. चाकरमान्यांना गोळी मुंबईत मिळते, ते घेऊनच येतील, हेही त्यांनी बजावलं. दुपारचं जेवण उरकून बायका ओट्यांवर बसल्या, समोर फोन तांब्याला टेकवलेले. मुंबईहून मुलगे कामाच्या जागेवरून, रिक्षातून, शिडीवरून बघतायत. "आ कर." "जीभ वर कर." "आये, गालात हाय ती, मी बगतोय." लहानपणी ज्यांनी या मुलांना नाक दाबून एरंडेल पाजलं, त्यांच्या तोंडात आता मुलगे वाकून बघत होते. काही बायका लाजून पदरात तोंड लपवत होत्या. एकीनं तर गोळी घेतल्यावर मुलाला विचारलं, "आता परत कवा घ्यायची? उद्या नाय?"

त्या सोहळ्याला मनीषा दारोदार फिरत होती आणि मी शेडमध्ये फोनशी बसले होते. रत्नागिरीची बातमी चांगली नव्हती. सुनंदा डायलिसिसवर होती, डोळे पिवळे पडले होते, माणूस ओळखत नव्हती. मी देवाधर्मातली बाई नाही. तरी विहिरीवर कुणी हळद-कुंकू वाहिलेलं दिसलं तर त्या दिवसांत मी वळसा घालून जात होते, न जाणो.

मग एक दिवस महेशचाच फोन आला. तो बोलेना. मग कळलं तो रडतोय, आणि मग कळलं की का. आईनं डोळे उघडले होते. त्याला बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "जेवलास?"

तो तिला घरी घेऊन आला ते गणपतीच्या तोंडावर. भिंतीवर चिखलाची रेघ तशीच होती, ओल मारत होती. महेशनं स्वतः चुना काढला. बायको आणि मुलंही आली. सुनंदा दारात खुर्ची टाकून बसायची, अंगात जीव नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बोलवायची. "महेश आलाय." लोक म्हणायचे, दिसतंय की. तरी ती सांगायची. आरतीला तिला धरून उभं केलं होतं. मी त्या दिवशी तिच्याकडे जेवले आणि तिनं पहिल्यांदाच डब्यातली फणसपोळी सगळ्यांसमोर काढली.

नंतरचं सगळं हळूहळू झालं. याकूबभाईला पेट्या मोकळ्या करून द्यायच्या होत्या, तोवर मी बाजारात परत आले. फ्रीज आता वरच्या मजल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे लसी आणि ताक शेजारी शेजारी नकोत म्हणून ताकाला मी मातीच्या मडक्यात हलवलं. औषधांची कपाटं भिंतीवर उंच. ती काढायला स्टूल लागतं, आणि माझे गुडघे त्यावर तक्रार करतात. रुग्णालयाची यंत्रंही वर गेली. पाऊस जोर धरायच्या आधी आम्ही सगळे, सरकारी, खाजगी, औषधवाले, एका ठिकाणी बसून कोण कुठे उभा राहणार ते ठरवतो. हे आधी का केलं नाही असं कुणी विचारलं तर मी सांगते, माणूस पाणी बघून शहाणा होतो, आणि आम्ही पुष्कळ पाणी बघितलं. बहीण अजून फोन करते. मी अजून तिला बॅगेत मांजर असल्याचं सांगते.

आणि महेश परत गेला, मुंबईला, जसा जायचाच होता. त्यानंतरच्या गणपतीला रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पोराचं काही होतं. तो वाईट मुलगा नाही. पैसे पाठवतो, औषधाची विचारपूस करतो. मी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

यंदा पाणी मळ्यांत आलं म्हणून परत गोळ्या आल्या. बुधवार ठरलेलाच. आता सांगावं लागत नाही, दुपारी जेवणं झाली की वाडीतून फोनच फोन वाजायला लागतात. काल मी मनीषाबरोबर गेले होते. ओट्याओट्यावर तोच खेळ, तीच दटावणी, आता तर नातवंडं दटावतात. शेवटच्या घरापाशी आवाज नव्हता. सुनंदा दारात बसली होती. फोन शेजारी पालथा. मूठ मिटलेली.

"जेवलीस?"

"जेवलंय."

"मग गोळी?"

तिनं मूठ उघडली. गोळी तळव्यावर ओली झाली होती. ती माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्या पुराला घेतली नाय, तवा आला व्हता."

मनीषा तोंड फिरवून कोंबड्यांकडे बघायला लागली. महेशला फोन लावून देऊ का, असं मी विचारलं. "नको. कामात असंल." मग मी पदर खोचून तिच्या शेजारी ओट्यावर बसले. म्हटलं, "माझ्यासमोर घे. मी बघते."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी काय," ती म्हणाली, "तुमी रोजच्याच."

आणि गोळी तोंडात टाकून वर तांब्याभर पाणी प्यायली. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नसतं, म्हणून ती बसून राहिली, आणि मीही.